बेल इन हॉल्टवरचं बाकडं

अहो,

तुमचं बाकडं काल आलं. सुप्याहून टेम्पोत घालून आणलं, सिमेंटचं, करड्या रंगाचं. आणि मला ज्याची भीती होती तेच झालं, मंडळींनी ते उलटं बसवलं. सारोळ्याच्या स्टेशनाबाहेर, रेल्वेच्या तारेला लागून जो लिंब आहे, त्याच्याखाली ग्रामपंचायतीनं जागा दिली आहे. मी रिक्षातून उतरेपर्यंत नामदेव आणि त्याची दोन पोरं घाम पुसत उभी होती. बाकड्याचं तोंड रस्त्याकडे, पाठ रुळांकडे.

"नामदेव, हे असं नाही. फिरवा."

"आवो बाई, रस्त्याकडं तोंड बरं असतंय. येनारं-जानारं मानूस दिसतं. तिकडं तोंड करून काय दिसनार हाय? रूळ?"

"रूळच बघायचेत."

तुम्ही इथले स्टेशन मास्तर, नामदेव तुमचा पॉइंट्समन. तुमच्या हाताखाली रुळांचे सांधे बदलण्यात त्याची उमर गेली, तरी त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मास्तर गेले आणि बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मग म्हणाला, "माल वला हाय तवर फिरवू. पन मास्तर असते तर म्हनले असते, उगा खटाटोप नको." मी म्हटलं, मास्तर असते तर बाकडंच लागलं नसतं. त्यानं पोरांना हाक मारली. तिघांनी मिळून फिरवलं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण, बाकड्यावर काय लिहावं, हे आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही निघून गेलात म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण तुम्ही किती शिस्तीचे होतात ते सांगतो. मी मान हलवते. शिस्तीचं मला कुणी सांगायला नको. मी ती भोगली आहे.

मेधाकडे इंग्लंडात एक्झिटरला गेलो होतो ते दिवस आठवतात? लेकीनं हौसेनं लंडनची तिकिटं काढून ठेवली होती. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीकाठचा तो अवाढव्य पाळणा. तुम्ही सगळं मुकाट्यानं पाहिलंत आणि परत आल्यावर तिला विचारलंत, "इथून ती दोन डब्यांची गाडी कुठं जाते गं?" ती बार्नस्टेपलकडे जाणारी छोटी लाईन. मेधा हॉस्पिटलात ड्युटीवर गेली की आपण दोघं त्या गाडीत. मी खिडकीपाशी, आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून वाकून सिग्नल मोजणार.

तुमच्यामुळे मी विलायत पाहिली ती अशी, सारोळ्याचं माप लावून. प्रत्येक गावाला चौकोनी बुरुजाचं एक चर्च, भोवती कललेली थडगी, समोर एक पब, आणि कोपऱ्यावर फोनचं लाल खोकं. एका गावी त्या खोक्यात फोनच्या जागी पुस्तकं होती. कुणीही न्यावी, कुणीही ठेवावी. मी आत शिरून पुस्तकं चाळत बसले, तर तुम्ही बाहेर चर्चच्या घड्याळाला आपलं मनगटी घड्याळ लावून बघत होतात. चर्चचं मागे होतं. तुम्हाला इतका आनंद झाला, की घरी गेल्यावर मेधाला ते आधी सांगितलंत, मग जेवलात.

शेतातून जाणारी पायवाट बघून मात्र तुम्ही थक्क झालात. दुसऱ्याच्या बांधावरून जा म्हणून सरकारी पाटी! "आपल्याकडं बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात," म्हणालात. तरी त्या वाटेनं चालताना दर दहा पावलांवर मागे बघत होतात, कुणी हाकलायला येतंय का म्हणून. आणि एका गावी गुरांचा बाजार लागला. लाकडी कठड्यातून मेंढ्या, वर एक माणूस उभा राहून श्वास न घेता बोली बोलतोय. तुम्ही म्हणालात, "आपला घोडेगावचा बाजार बरा. रुमालाखाली बोटं दाबली की भाव ठरला. बोंबलावं लागत नाही." शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तुम्ही रुमाल काढून ते करून दाखवलंत. त्यानंही हात पुढे केला. दोघांना एकमेकांचं काय कळलं देव जाणे, पण तो हसत होता आणि तुम्ही त्याची बोटं दाबत होतात.

सगळ्यात तुमचा जीव रमला तो बंद पडलेल्या स्टेशनांत. लाईन आहे, गाडी जाते, पण स्टेशनची इमारत कुणीतरी घर म्हणून घेतलेली. तिकिटाच्या खिडकीत कुंड्या, फलाटावर दोरी, दोरीवर टॉवेल. गाडीतून असं एखादं दिसलं की तुम्ही कोपर मारायचात. "बघ, आपलं क्वार्टर." आणि मी म्हणायचे, आपल्या क्वार्टरला पाणी तरी कुठं होतं वेळेवर?

बेल इन हॉल्ट त्यातलंच. स्टेशनचं नाव गावाचं नाही, शेजारच्या बेल इन नावाच्या पबचं, यावरच तुम्ही पाच मिनिटं घेतलीत. "दारूच्या गुत्त्याचं नाव स्टेशनाला! आपल्या रेल्वेत निलंबित झाला असता नाव देणारा." एकच फलाट, तोही सारोळ्याच्या अर्धा. खाली नदी, दगडी पूल, पलीकडे हिरव्या उतारावर मेंढ्या, आणि फलाटावर एक लाकडी बाकडं. पाटीवर लिहिलं होतं की इथं गाडी आपणहून थांबत नाही. चढायचं असेल तर ड्रायव्हरला दिसेल असा हात करायचा.

तुम्हाला ते पटेना. पाटी दोनदा वाचलीत. "हात करायचा? ही काय काळीपिवळी आहे?"

मला मात्र फार मजा वाटली. मी म्हटलं, "बघा, इथं कुणाही येरागबाळ्यासाठी गाडी थांबते. आणि सारोळ्याला स्वतःच्या बायकोसाठी नाही थांबली."

झालं, निघालं आपलं जुनं भांडण. तुम्हाला पाठ असलं तरी पुन्हा सांगते. मी नगरच्या शाळेत शिक्षिका, आणि राहायला सारोळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तुमच्या बदल्या झाल्या, पण फिरून फिरून तुम्ही सारोळ्यालाच. सकाळच्या पॅसेंजरनं मी नगरला जायची, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायची. सकाळी गाडीला हिरवा झेंडा दाखवणारे तुम्हीच. संसारभर रोज मला घेऊन जाणारी गाडी तुम्ही झेंडा दाखवून घालवलीत. मी खिडकीतून बघायची, तुम्ही माझ्याकडे नाही, शेवटच्या डब्याकडे बघत असायचात. मी परत यायची तेव्हा तुम्ही कधी कामात, कधी झोपलेले.

आणि एक दिवस मेधाला ताप होता. तिला शेजारी ठेवून, डबा हातात घेऊन मी फलाटावर धावत आले. शेवटचा, गार्डाचा डबा अजून माझ्यासमोर होता, तुम्ही मला पाहिलंत, आणि झेंडा खाली केला नाहीत. गाडी गेली. माझी रजा गेली, त्यापेक्षा मुख्याध्यापिकेसमोर मान खाली गेली. त्या दिवशी मी क्वार्टरमध्ये भांडी आपटली ती सगळ्या स्टेशनानं ऐकली. तुम्ही एवढंच म्हणालात, "आज तुझ्यासाठी थांबवली तर उद्या कुणाकुणासाठी थांबवू?" बरोबर होतं तुमचं. बरोबर होतं म्हणून तर राग जाईना. पुढं किती वर्षं कुठल्याही भांडणात हरायला लागले, की मी ती गाडी काढायची.

बेल इन हॉल्टवरही काढली. तुम्ही हसलात. म्हणालात, "बाई, बसा आता. गाडीचं मी बघतो." सगळं गाव मला बाई म्हणायचं म्हणून तुम्हीही थट्टेनं म्हणायचात. मी बाकड्यावर बसले. गाडीचं खातं तुमचंच.

बाकड्याच्या पाठीवर पितळेची छोटी पट्टी होती. मी ती चष्मा लावून वाचली आणि तुम्हाला मराठीत सांगितली. मार्गारेट नावाच्या कुणा बाईच्या आठवणीत हे बाकडं आहे, तिला इथं बसून नदी बघायला आवडायचं. बस्स. कुणी दिलं ते नाही. आडनावही नाही.

तुम्ही खूश झालात. "हे खरं. आपल्याकडं बघ. कैलासवासी अमुक, मग बारीक अक्षरात तमुक, आणि खाली मोठ्या अक्षरात देणाऱ्याचं सगळं घराणं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा. मेलेल्या माणसाला काय आवडायचं हे कुणी लिहितं का?"

मी म्हटलं, "देणाऱ्यानं पदरचं दिलंय. त्याचं नाव नको? आणि आमच्या माणसाला काय आवडायचं हे आम्हाला माहीत असतं. दगडावर कोरून जगाला कशाला सांगायचं?"

"माहीत असतं?" तुम्ही विचारलंत. "मग सांग, माझ्या बाकड्यावर काय लिहिशील?"

"रेल्वे. आणखी काय?"

"रेल्वे माझी नोकरी. आवडतं काय?"

मी तोंड उघडलं आणि मला सुचेना. तुम्हाला पुरणपोळी आवडते, इस्त्रीचा शर्ट आवडतो, लोकांच्या घड्याळातल्या चुका आवडतात. पण बाकड्यावर लिहावं असं? मी म्हटलं, "विचार करून सांगते." आणि तेवढ्यात वळणावरून गाडी आली.

ती हळू झाली. ड्रायव्हरनं आपल्याकडे बघितलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेले, दोन्ही हात कोटाच्या खिशात. गाडीनं छोटीशी शिटी दिली आणि ती निघून गेली.

मी किंचाळलेच. जुन्या स्टेशनाच्या घरातली बाई कुंड्यांना पाणी घालत होती, ती कुंपणापाशी आली. हात का केला नाहीत, असं तिनं काळजीनं विचारलं. तुम्ही उभे राहून, कोटाची बटणं लावून तिला सांगितलंत, "मॅडम, आय ॲम रेल्वे मॅन. आय कॅनॉट स्टॉप ट्रेन फॉर माय वाईफ." ती बिचारी सॉरी म्हणाली. मी तुमच्याशी अबोला धरला. पुढची गाडी दोन तासांनी होती.

मग तुम्ही पिशवीतून थर्मास काढलात.

मी त्या वेळी रागात होते, म्हणून त्या थर्मासकडे नीट पाहिलं नाही. साखर जास्त पडली होती, आणि पावडर उकळून उकळून चहा कडूही झाला होता. मी विचारलं, कुणी केला? तुम्ही म्हणालात, मीच. मी म्हटलं, दिसतंच आहे. फॉइलमध्ये मेधाकडच्या ब्रेडला शेंगदाण्याची चटणी फासून तुम्ही गुंडाळून आणली होती. आपण ते खाल्लं. हळूहळू माझा अबोला सुटला, कारण तुमच्याशी बोलल्याशिवाय तो पूल, ती नदी, त्या पाठीवर रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या यांचं करायचं काय? तुम्ही म्हणालात, धनगरानं असा रंग लावला तर मेंढी त्याला हसेल. मग सारोळ्याचा पहिला उन्हाळा निघाला, क्वार्टरच्या मागची शेवग्याची शेंग, मेधाचं रांगत फलाटावर जाणं, तिला कडेवर घेऊन तुम्ही झेंडा दाखवून मालगाडी पास केली ते. मेधाला एवढ्या लांब पाठवताना तुम्ही एकदाही थांब म्हणाला नाहीत, ते मी विचारलं. तुम्ही नदीकडे बघत म्हणालात, "म्हणायचं होतं. तोंडातून आलं नाही." मी तुमचा हात धरला. फलाटावर, दिवसाढवळ्या. तिथं कोण बघणार होतं!

दुसरी गाडी यायची झाली तशी मी उठले. तुमच्यावर भरवसा उरलाच नव्हता. गाडी वळणावर दिसायच्या आधीपासून फलाटाच्या कडेला हात आडवा करून उभी राहिले. गाडी थांबली. माझ्यासाठी, नगरच्या शाळेतल्या रिटायर बाईसाठी, विलायतेतली गाडी थांबली! मी ऐटीत चढले. तुम्ही मागून थर्मास घेऊन आलात, शेजारी बसलात आणि म्हणालात, "घाई केलीस, बाई. यानंतर अजून एक होती."

मी म्हटलं, अंधार झाला असता, मेधा काळजी करत बसली असती. आणि मेधानं त्या रात्री आपल्या दोघांनाही झापलं ते वेगळंच. परत आल्यावर मी सगळ्या नातेवाइकांना ती गोष्ट सांगितली. रेल्वेच्या ताठ्यापायी आमच्या ह्यांनी विलायतेत गाडी चुकवली. सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात. तुम्ही कधी खोडून काढलं नाहीत.

बाकड्यावर काय लिहायचं ते सांगायचं मात्र राहून गेलं. दवाखान्यात असताना एकदा तुम्ही विचारलंतही, "सुचलं का गं काही?" मला कळलं कशाबद्दल विचारताय. मी म्हटलं, गप्प पडा, बाकड्याची एवढी काय घाई आहे.

तुम्ही गेल्यावर मेधा आली, राहिली, परत गेली. बाकडं द्यायचं तिच्याच मनात आलं. सुप्याचा बाकड्यांचा कारखानदार फोनवर म्हणाला, "मजकूर सांगा. कैलासवासी, नाव, स्मरणार्थ हे आमच्याकडं तयार साच्यात असतंय. खाली परिवार टाकतो." मी त्यालाही म्हटलं, विचार करून सांगते. मेधा म्हणाली, "आई, निवृत्त स्टेशन मास्तर एवढं तरी घाल." मला ते नको होतं. तुम्हीच म्हणाला होतात, ती नोकरी.

मग गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ आवरायला काढलं आणि मागे तो थर्मास दिसला. विलायतेहून निघताना मेधानं तो आपल्याला देऊन टाकला होता. झाकण उघडलं तर आत अजून चहाचा वास. मी तो हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की अर्ध्या तासाच्या प्रवासाला या माणसानं थर्मास कशाला घेतला होता?

आयुष्यात तुम्ही कधी चहा टाकला नाहीत. साखरेचा डबा कुठं असतो ते तुम्हाला माहीत नव्हतं. आणि त्या सकाळी, लेकीच्या घरी, मी अंघोळीला गेले असताना, तुम्ही चहा केलात, ब्रेडला चटणी लावलीत. ज्या माणसाला त्या लाईनीचं वेळापत्रक तोंडपाठ होतं, त्याला पुढची गाडी किती वेळानं आहे ते ठाऊक नव्हतं? तुम्ही ताठ्यापायी हात केला नाहीत हे खोटं. तुम्ही घरूनच ठरवून निघाला होतात. जन्मभर मला नेणाऱ्या गाड्या वेळेवर सोडल्यात, आणि एकदा, एकदाच, मला न घेता गाडी जाऊ दिलीत.

तेव्हा कुठं मला रडू आलं. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, थर्मास धरून आलं. राग पण आला. तोंडानं सांगायला काय झालं होतं? म्हणायचं की, सुमन, ही गाडी जाऊ दे, आपण बसू. मी बसले असते. तिसऱ्या गाडीपर्यंतही बसले असते.

दुसऱ्या दिवशी मी सुप्याला फोन करून मजकूर सांगितला. कारखानदार म्हणाला, "बाई, असं कुनी लिवत न्हाई. लोक हसतील. आन द्येनाराचं नाव?" मी म्हटलं, देणाऱ्याचं नाव नको. हसू देत.

तुमचं म्हणणं मान्य केलंय बघा. जिंकलात. बाकड्यावर तुमचं नाव आहे, आणि खाली एवढंच, यांना दोन गाड्यांच्या मधला वेळ आवडायचा.

काल फिरवून झाल्यावर नामदेवनं ते मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, "खरं हाय बाई. पॅशिंजर ग्येली की मास्तर लगीच खुर्ची भाईर काडायचे. तुमी घरी असल्या दिवशी दोन काडायचे." मला ते आठवतच नव्हतं. रविवारी फलाटावर दोन खुर्च्या असायच्या, खरंच असायच्या. मी म्हणायची, पोळ्या राहिल्यात, आणि उठून जायची.

आज सकाळी मी एकटीच आले. सिमेंट वाळलंय. इथं आता दुसरी लाईन झाली आहे, गाड्या वाढल्यात, तुम्हाला आवडायचा तो मधला वेळ पहिल्यासारखा लांबलचक राहिलेला नाही. तरी आहे थोडा. लिंबाची सावली रुळांपर्यंत जाते. थर्मास आणलाय. चहा तुमच्यासारखाच केलाय, जास्त उकळून, कडू. मेधाचा फोन आला होता, "आई, तू इकडे कधी येतेस? तिकीट काढू का?" मी म्हटलं, येईन गं, जरा दमानं.

नगरकडची पॅसेंजर आली, माझीच, सकाळची. स्टेशनात थांबली. नामदेव तिकडून ओरडला, "बाई, नगरला जायचं आसंल तर चला, गाडी लागली!" नवीन मास्तर झेंडा घेऊन उभा होता, तरणा मुलगा, त्यानंही माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पदरात घेतले आणि बसून राहिले.

"जाऊ दे," मी म्हटलं. "यानंतर अजून एक आहे."